पत्रा, पाणी आणि पाचर : प्रयोगशाळेतल्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हलक्या धातूंचे आणि कार्बन फायबरचे जोड चिकटवण्यावर पीएचडी करणारे आम्ही सगळे हे पत्र उघडपणे लिहितो आहोत, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्यांनाही ते वाचता येईल.

पहिले आभार पाण्याच्या चाचणीबद्दल. ॲसिटोनने पुसलेला ॲल्युमिनियमचा पत्रा चकचकीत दिसला की तो स्वच्छ झाला असं वाटतं. तुम्ही प्रत्येक पत्र्यावर डीआय (क्षार काढून टाकलेलं) पाणी ओतायला लावलंत. पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट सलग टिकला तरच पुढे जायचं. तो कुठे फाटून थेंब जमले तर तिथे तेल किंवा सिलिकोन आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साबणाचा अंश राहिला तर मात्र पाणी छान पसरतं आणि फसवतं, म्हणून आधी भरपूर धुवायचं. पुसायचं ते एकाच दिशेने, आणि ॲसिटोन उडून जायच्या आत दुसरं कोरं, कोरडं फडकं फिरवायचं. उशीर झाला तर विरघळलेलं तेल परत पत्र्यावरच बसतं.

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, डोळ्यांनी मापू न दिल्याबद्दलही आभार. ॲराल्डाइट एडब्ल्यू १०६ या गोंदाला एचव्ही ९५३ यू हा हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) वजनाने १०० ला ८० लागतो, आकारमानाने मात्र सारखा. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की जोड मऊ राहतो आणि दोष पत्र्याला दिला जातो. थराची जाडी ०.२ मिमी राखायला तेवढ्याच व्यासाचे काचेचे मणी, वजनाने साधारण १ टक्का. मणी नसतील तर क्लॅम्प आवळताना गोंद बाहेर पिळला जातो आणि मध्ये कोरड्या जागा राहतात. कडेला आलेला गोंद ठेवायचा की काढायचा, हे सगळ्या नमुन्यांना एकच. कडेच्या त्या गोंदाच्या छोट्या उतारामुळे जोडाच्या टोकावरचा ताण कमी होतो. काही नमुन्यांवर तो ठेवला आणि काहींवर खरवडला, तर आकड्यांचा पसारा होतो.

पावसाळ्यात तर तुमचा शब्द शेवटचा. अमाइन हार्डनर दमट हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतो आणि वर तेलकट साय येते. त्यावर दुसरा थर धरत नाही. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधला फिल्म ॲधेसिव्ह (पातळ पापुद्र्याच्या रूपातला गोंद) खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पाकीट फोडायचं नाही, नाहीतर दव थेट गोंदावर बसतं.

पण सगळ्यात मोठं ऋण पाचरीचं. रूढ चाचणीत २५.४ मिमी रुंदीचे दोन पत्रे १२.७ मिमी एकमेकांवर चिकटवून यूटीएमवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तुटेपर्यंत ओढतात. ताण जोडाच्या दोन टोकांशी एकवटतो. फोल्कर्सेन या संशोधकाने १९३८ मध्ये आणि गोलँड-राइसनर या जोडीने १९४४ मध्ये हे गणिताने दाखवलं. नुसता घासलेला पत्रा आणि नीट ॲनोडाइज केलेला (ॲसिडमध्ये वीज सोडून ऑक्साइडचा थर चढवलेला) पत्रा कोरड्या हवेत ताकदीचा जवळजवळ सारखाच आकडा देऊ शकतात. तो आकडा पाहून समाधान मानू नका, हे तुम्ही पाचर ठोकून शिकवलंत. ३.२ मिमी जाडीचे दोन पत्रे चिकटवायचे, २५ मिमीच्या पट्ट्या कापायच्या, टोकात पाचर घालायची, तडा कुठे थांबला तिथे खूण करायची आणि पट्टी ५० अंशांच्या दमट कपाटात ठेवायची. तासाभराने पुन्हा खूण. पृष्ठभाग कच्चा असेल तर तडा धावतो आणि तुटल्या जागी उघडा धातू दिसतो, कारण पाणी आत शिरून ऑक्साइडचा कमकुवत हायड्रॉक्साइड करतं. १० टक्के फॉस्फोरिक ॲसिडमध्ये १० व्होल्टवर वीस-पंचवीस मिनिटं ॲनोडाइज केलेल्या पत्र्यावर तडा थोडाच सरकतो, तोही गोंदाच्या आतून.

हा हट्ट का, ते २८ एप्रिल १९८८ च्या अलोहा एअरलाइन्स अपघातातून कळतं. त्या जुन्या बोइंग ७३७ च्या कवचाचे जोड उष्णता न देता, खोलीच्या तापमानाला चिकटवलेले होते. चिकटणं सुटलं, ओल शिरून गंज चढला, भार रिव्हेटांवर गेला, भोकांपाशी तडे वाढले आणि उडत्या विमानाचं छत फाटून गेलं. अल्ट्रासॉनिक तपासणीत पोकळी दिसते. चिकटलेला पण कमजोर जोड दिसत नाही. म्हणून पत्रा तयार करणाऱ्या हातांवरच सगळा भरवसा असतो, आणि आमच्या प्रयोगशाळेत ते हात तुमचे.

कार्बन फायबरबद्दल तुमची सूचना छोटी: पील प्लाय (पृष्ठभाग झाकणारं, सोलून काढायचं कापड) शेवटच्या क्षणी सोलायची, २२० च्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंतच घासायचं, तंतू उघडे पाडायचे नाहीत. ॲल्युमिनियमशी जोडताना मध्ये काचेच्या कापडाचा पातळ थर, नाहीतर कार्बनच्या संगतीने ॲल्युमिनियम गंजतं.

तुटलेल्या नमुन्याची दोन्ही तोंडं नंबर टाकून जपायची सवयही तुमचीच. गोंद दोन्ही तोंडांवर राहिला की एकाच बाजूवर, हे आता आम्ही भाराच्या आकड्याआधी लिहितो. या वर्षीच्या पट्ट्या दुसऱ्या कपाटात, वरच्या खणात ठेवल्या आहेत. सवडीने एकदा बघून घ्याव्यात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
चिकटजोडांवर काम करणारे संशोधक विद्यार्थी