बाई दिवसभरात काय खाते ते नोंदवायला मदत हवी आहे

गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडी भागात काम करणाऱ्या आमच्या महिला मंडळाचा सर्वांना नमस्कार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. वस्तीत लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात, ‘हिरव्या भाज्या खा’ असंही सांगितलं जातं. पण आमच्या बायकांच्या पोटात रोज नेमकं काय जातं, हे आधी कळायला हवं ना?

छापील फॉर्म इथे चालत नाही. अनेकींना वाचता येत नाही आणि ‘काय खाल्लं?’ म्हटलं की ‘डाळ-भात’ एवढंच उत्तर मिळतं. डाळ केवढी? सहा माणसांसाठी मूठभर मसूर शिजवून त्यात पाणी वाढवलं असेल, तर तिच्या वाटीत आलेली डाळ म्हणजे आहाराच्या तक्त्यातलं वाटीभर वरण नव्हे. त्यात ती जेवते सगळ्यांच्या शेवटी. पोराच्या ताटात उरलेले दोन घास, जरीकाम करता करता चहात बुडवून खाल्लेली खारी, हे तिच्या लेखी जेवणच नसतं. मुद्दाम विचारल्याशिवाय ती ते सांगत नाही.

म्हणून आम्ही तिच्या घरी, तिच्याच भांड्यांसमोर बसून नोंद करणार आहोत. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं, ते क्रमाने विचारायचं. तिच्या वाटीत पाणी भरून माप घ्यायचं, कणीक तोलून पोळ्या मोजायच्या, चित्रांवर बोट ठेवायला सांगायचं. चित्रं दहा अन्नगटांची असतील. त्यांतले किमान पाच गट दिवसभरात पोटात गेले का, हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा निकष आहे. तो एकेकीला पास-नापास करण्यासाठी नाही, सगळ्या वस्तीचं चित्र कळण्यासाठी आहे. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, पण रोजची डाळ, अंडी, पालेभाजी, फळं विकतच घ्यावी लागतात. त्यामुळे प्रत्येक घरी दोनदा जायचं आहे, पगार झाल्यावर एकदा आणि महिनाअखेरीला एकदा.

यासाठी स्वयंपाकघरातले डिजिटल वजनकाटे, मापाची भांडी आणि चित्रांची कार्डं हवी आहेत. कार्डं हाताळून टिकली पाहिजेत, म्हणून लॅमिनेशनचा खर्चही आहे. नोंदींवरून लोह, प्रथिनं यांचा हिशेब करून देईल अशी आहारतज्ज्ञ हवी आहे. सगळ्यांत जास्त गरज आहे ती हिंदी-उर्दू बोलणाऱ्या मुलींची. दुपारी दोन ते चार या वेळात बायका जरा मोकळ्या असतात, तेव्हा यावं लागेल. घरात सासू किंवा नवरा असेल तर बाई मोकळेपणाने बोलत नाही, अशा वेळी पुन्हा जायची तयारी ठेवा. उपदेश करायचा नाही, ताटाचे फोटो काढायचे नाहीत. वहीत कुणाचंही नाव लिहिलं जाणार नाही.

जमलेली माहिती आधी वस्तीतल्या बायकांना चित्रांतून दाखवू. मग त्यांना सोबत घेऊनच अंगणवाडी आणि पालिकेच्या आरोग्य केंद्रापुढे मांडू. वस्तू किंवा देणगी द्यायची असेल, तर मंडळाच्या कार्यालयात आणून द्या आणि पावती घ्या. येऊ इच्छिणाऱ्या मुलींनी रविवारी सकाळी तिथेच भेटावं, त्याच दिवशी वाटी मोजायला शिकवू.