दोघींचं हिमोग्लोबिन दहा, कारणं दोन

हायडेलबर्ग

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "घरात दर रविवारी मटण शिजतंय, लोखंडी तव्यावर भाकरी होतेय, मग आम्हा मायलेकींचं रक्त दहाच कसं?" आणि सगळा राग धाकटीवर काढलास. तिला काही बोलू नकोस. माझं इथलं कामच या प्रश्नाभोवतीचं आहे, आणि फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोह असतं. अन्नातून रोज आत शिरतं ते एक-दोन मिलिग्रॅम. नव्या लाल पेशी घडवायला मात्र रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं. ते येतं जुन्या पेशींतून. साधारण १२० दिवस फिरलेल्या लाल पेशी प्लीहेत मोडल्या जातात आणि त्यांतलं लोह परत रक्तात सोडलं जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. म्हणून किती आत घ्यायचं आणि साठ्यातून किती सोडायचं, एवढंच काय ते त्याच्या हातात.

हे ठरवतं यकृत. ते हेप्सिडिन नावाचं संप्रेरक बनवतं, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं. आतड्याच्या पेशींना आणि जुन्या लाल पेशी मोडणाऱ्या पेशींना लोह बाहेर सोडायला एकच दार असतं, फेरोपोर्टिन. हेप्सिडिन त्याला चिकटलं की पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. लॉस एंजेलिसच्या एलिझाबेटा नेमेथ, टोमास गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००४ साली दाखवलं. त्याआधी २००१ मध्ये पॅरिसचा एक गट साखरेशी संबंधित वेगळ्याच जनुकावर काम करत होता. ते जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या यकृतात लोहच लोह साठलं, कारण शेजारचं हेप्सिडिनचं जनुकही बंद पडलं होतं. शोधत होते एक आणि हाती लागलं हे! मला ही हकीकत फार आवडते.

आता धाकटीचं. तिच्या पाळीत किती रक्त जातं ते तुला ठाऊक आहे. एक मिलिलिटर रक्ताबरोबर जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह जातं, ते आठवड्यातल्या एका दिवसाच्या रश्श्यानं कसं भरून निघावं? साठा संपत आला की यकृत हेप्सिडिन बनवणं जवळजवळ थांबवतं आणि सगळी दारं उघडी राहतात. तिचं शरीर लोह मागतंय, म्हणून तिला गोळी लागू पडेल. गोळीनं मळमळतं म्हणून ती टाळते, हा आळस नव्हे. झ्युरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर पाहिलंय की एका गोळीनं हेप्सिडिन दिवसभर वर राहतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी कमी शोषली जाते. दिवसाआड घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. गोळीबरोबर लिंबूपाणी चांगलं, चहा मात्र नको. आणि इतकं रक्त का जातं तेही दाखवायला हवं, नुसत्या गोळीवर भागवू नका.

तुझं वेगळं आहे, आई. तुझे सांधे सुजलेत. अंगात दाह असला की इंटरल्यूकिन-६ हा निरोप यकृतात पोचतो, स्टॅट-३ नावाचं प्रथिन हेप्सिडिनच्या जनुकाच्या सुरुवातीला जाऊन बसतं, आणि हेप्सिडिन जोरात बनू लागतं. मग दारं बंद. लोह साठ्यात पडून राहतं, रक्ताला मिळत नाही. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, त्यांच्यापासून ते लपवायची ही शरीराची जुनी युक्ती असावी. पण संधिवातात तीच महिनोन्महिने चालू राहते.

मी काम करते ते नेमकं या जागेवर. "साठा भरलाय" हा निरोप आणि "दाह आहे" हा निरोप, दोन्ही त्याच एका जनुकापाशी येतात. साठा रिकामा आहे आणि दाहही आहे, अशा वेळी यकृताची पेशी कुणाचं ऐकते? प्रयोगशाळेत पेशींना दोन्ही निरोप वेगवेगळ्या प्रमाणात देऊन जनुकापासून आरएनए (जनुकाची कामापुरती नक्कल) किती बनला ते मी मोजते. आपल्याकडं अशा बायका किती असतील! २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. प्रत्येकीला "पालेभाजी खा, गूळ खा" एवढंच सांगणं मला पटत नाही.

तुझ्या बाबतीत दोन्ही कारणं असू शकतात. मेडिकलमधून आणून तू त्या दुखण्याच्या गोळ्या घेतेस ना, त्यांनी पोटातून थोडं थोडं रक्त जाऊ शकतं. हे डॉक्टरांना लपवू नकोस, कितव्यांदा सांगतेय! आणि नुसतं हिमोग्लोबिन करून परत येऊ नका. दोघींचं फेरिटिन (साठ्यातल्या लोहाचा अंदाज), ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह) आणि सीआरपी (दाहाची खूण) करायचं का ते विचारा. दाहात फेरिटिन आपोआप वाढतं, म्हणून तुझं फेरिटिन बरं दिसलं तरी कुणी "लोह ठीक आहे" म्हणून सोडू नये. सांध्यांचा इलाज नीट झाला तर तुझं रक्तही वाढायला मदत होईल.

बाबांना सा. न. रिपोर्ट आले की दादाला फोटो पाठवायला सांग, सगळी पानं, फक्त पहिलं नको.

तुझी,
थोरली