छातीच्या ओपीडीतल्या तंत्रज्ञ ताईंना

ताई, नमस्कार.

सीओपीडीचे (फुप्फुसाच्या नळ्या आक्रसून दम लागणाऱ्या जुनाट दुखण्याचे) पेशंट घेऊन आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या आशा तुमच्याकडे येतो. चुलीत पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळून जाळून छातीचा भाता झालेल्या आज्या, नाहीतर बिडीवाले बुढे. घरच्यांचं एकच म्हणणं, ‘घरी ऑक्सिजनचं मशीन लिहून द्या.’ तुम्ही आधी मोजता, मग बोलता. त्यासाठी आभार.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या ऑक्सिजनच्या आकड्याला तुम्ही लगेच भुलत नाही. गार बोट चोळून ऊब आणायची, नेलपॉलिश पुसायची, आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं, हे आता आम्हीही करतो. बिडी ओढून आलेल्याचा आकडा खोटा चढतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटतो आणि ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो. म्हणून बिडीबंडल फाटकाबाहेरच काढून घेतो (बुढे चिडतात, चिडू द्या).

दुखणं उसळलेलं असताना कायमचा ऑक्सिजन ठरवायचा नाही, हा तुमचा हट्ट रास्तच. दवाखान्यातून सुटताना मशीन मिळालेल्यांना तुम्ही 60 ते 90 दिवसांत परत बोलावता. तोवर अनेकांची गरज संपलेली असते.

मग एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजायची तपासणी. साध्या हवेवर अर्धा तास बसवून मनगटाच्या धमनीतून रक्त. सिरिंजमधला बुडबुडा लगेच काढायचा, नाहीतर हवेमुळे आकडा बिघडतो. नंतर जागा 5 मिनिटं दाबून धरायची. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब 55 मिमी (पारा) किंवा कमी आला तर मशीन. 56 ते 59 आला तर पायावरची सूज, हृदयाच्या उजव्या बाजूवरचा ताण किंवा 55 टक्क्यांवरचा हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) पाहून ठरतं. त्याच्या वर असेल तर दम लागतो म्हणून मशीन नाही. दम लागणं वेगळं आणि ऑक्सिजन कमी असणं वेगळं, हे घरच्यांना पटवताना आमचा घसा कोरडा पडतो. तुमचा कागद दाखवला की काम थोडं सोपं होतं.

मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन, तेही तुम्ही अंदाजाने सांगत नाही. 1 लिटरपासून हळूहळू वाढवत बोटावरचा आकडा 88 ते 92 टक्क्यांवर आला की थांबता आणि पुन्हा एबीजी करून कार्बन डायऑक्साइड साचत नाही ना, ते बघता. म्हणूनच घरी ‘जरा जास्त सोडा’ म्हणून कुणी नॉब फिरवला, की आम्ही सकाळचं जड डोकं आणि दिवसाची गुंगी विचारतो.

राहिली लाइन. दिवसाला निदान 15 तास मशीन चालायला हवं आणि आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. तेव्हा सिलिंडर लागतं. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो, 2 लिटरने 12 तास पुरतो, हा तुमचा हिशेब आता आमच्या प्रत्येकीच्या डायरीत आहे. भरलेलं सिलिंडर चुलीपासून, देवाच्या दिव्यापासून लांब, उभं बांधून ठेवायला लावतो.

पुढच्या फेरीत एक विनंती: कागदावर लिटर, तास आणि फेरतपासणीची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. आज्यांच्या नातवंडांना वाचता येतं.

आपल्या,
गावोगावच्या आशा