आधी फोन, मग लाज

पुणे

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर बाबांनी न वाचताच तीन ग्रुपवर पुढे ढकललं असतं, म्हणून कागदावर लिहितेय.

शेजारच्या काकांचं आईने सांगितल्यापासून डोक्यातून जात नाही. क्रेडिट कार्डावरून पैसे गेले हे वाईटच. पण त्यांनी चार दिवस घरात कोणाला कळू दिलं नाही, हे मला जास्त लागलं. काकूंनी विचारलं, जेवण का जात नाही, तर म्हणे "उन्हानं होत असंल". नागपुरात, आपल्या प्रतापनगरात हयात गेलेली, कॉलनीच्या गणपतीचा हिशेब पै-पैचा ठेवणारा माणूस. लोक हसतील म्हणून त्यांनी बँकेलाही फोन केला नाही.

आणि नुकसान वाढतं ते तिथेच. रिझर्व्ह बँकेने 2017 साली याचं परिपत्रक काढलंय. आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे उडवले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत आपण कळवलं, तर आपल्यावर एक रुपयाही येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत भुर्दंड. आपणच ओटीपी सांगून बसलो असू तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण बाबा, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. तुम्ही सारी नोकरी वीज मंडळात काढलीत, तुम्हाला हे लगेच कळेल: चूक कोणाचीही असो, फोन केला की मीटर थांबतं.

दुसरा फोन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवतात. ते एटीएममधून निघायच्या आत तक्रार पोचली तर मधल्या एखाद्या खात्यात अडवता येतात. तिथे तासांचा हिशेब असतो, चार दिवसांनी फारसं काही हाती लागत नाही. बँकेचा नंबर मात्र कार्डाच्या मागे छापलेलाच लावायचा. गूगलवर शोधायचा नाही, तिथे चोरांनी स्वतःचेच नंबर कस्टमर केअर म्हणून टाकून ठेवलेले असतात.

काकांना आलेला फोन म्हणे फार अदबीचा होता. "सर, तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपतायत." लिंक उघडली तर बँकेसारखंच पान. तिथे कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरले, मग ओटीपी आला. तो म्हणाला, "सर, फक्त आकडे वाचा." त्या "फक्त"वर माझं लक्ष अडलं. कारण बहुतेक वेळा त्याच मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव लिहिलेलं असतं. बाबा, तुम्ही पेपरातल्या निविदा सूचनासुद्धा शेवटपर्यंत वाचता, मग ओटीपीचा मेसेज आकड्यापाशीच का सोडायचा? आणि आई, लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर ती उघडायचीच नाही. ती फोनमधले मेसेज परस्पर चोराकडे पाठवू शकते, मग ओटीपी विचारायचीही गरज उरत नाही.

बाबा कार्ड चांदीच्या कागदात गुंडाळून खिशात ठेवतात, बर्डीच्या गर्दीत कोणी मशीन टेकवून पैसे कापेल म्हणून. गुंडाळा बापडे, बिघडत काही नाही. पण पिनशिवाय एका वेळी 5,000 रुपयांच्या वर जात नाही, आणि मशीन अगदी खेटून धरावं लागतं. मला धास्ती आहे ती परदेशी वेबसाइटची. आपल्याकडे ऑनलाइन व्यवहाराला 2009 पासून जादा पडताळणी लागते. बाहेरच्या काही साइट नुसत्या कार्डावरच्या आकड्यांवर पैसे कापतात, ओटीपी येतच नाही. आपला परदेश म्हणजे छिंदवाडा, तेव्हा ती सोय बंदच ठेवू. 2020 पासून बँकांना हे चालू-बंदचं बटण ग्राहकाच्या हाती द्यावं लागलं आहे.

बाबा, तुमच्याच्याने कोणाचा फोन मधेच कापवत नाही, हे मला माहीत आहे. समोरचा "सर" म्हणाला की तुम्ही त्याला पुरतं बोलू देता. या लोकांपुरता तो शिष्टाचार सोडा. "घरी विचारून सांगतो" एवढंही म्हणायची गरज नाही. आणि कधी चुकून काही सांगून बसलातच, तर तुम्ही मला रागावायचात तशी मी रागावणार नाही. आईने साक्षीदार राहावं.

शनिवारी संध्याकाळी फोन करते, तेव्हा कार्ड आणि चष्मा घेऊन बसा. ॲपमधली बटणं मी सांगते तशी दाबू, वेळ लागेल. कूलर तेवढा बंद ठेवा, त्याच्या आवाजात तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही. काकांनाही बोलवा, येत असतील तर. त्यांचंही कार्ड पाहून घेऊ.

तुमची,
अनू