नॅनो क्रीम येऊ दे, पण स्टेरॉइडच्या ट्यूबचं काय?

मा. संपादक, नमस्कार.

गजकर्णावर नॅनो पार्टिकलवाली (अतिसूक्ष्म कणांत भरलेली) औषधं येतायत असं बरंच छापून येतंय, मी मेडिकल स्टोअर चालवतो म्हणून लिहावंसं वाटलं.

ही बुरशी राहते कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात. थर जेमतेम १०-२० मायक्रॉनचा पण भलताच चिवट, ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठा रेणू सहसा आत घेतच नाही. अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध तर ९२४ डाल्टनचं, त्यामुळे ते मुख्यतः सलाइनमधून द्यायचे आणि किडनीला त्रास व्हायचा. तेच औषध लिपिडच्या म्हणजे चरबीसारख्या पदार्थाच्या बारीक कणांत भरलं की जेल म्हणून लावता येतं. कण रक्तात जातील अशी भीती लोकांना वाटते, पण बहुतेक कण वरच्या थरात नि केसांच्या मुळाशी अडकतात आणि तिथेच हळूहळू औषध सोडतात, गजकर्णाला हेच तर पाहिजे! आणि हे काही आजचं नाही, इकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचं लायपोसोमवालं (लिपिडच्या पोकळ कणांचं) जेल स्वित्झर्लंडमध्ये १९८८ लाच आलं होतं, आपल्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्येसुद्धा डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या टीमने लायपोसोमल अँफोटेरिसिनवर मोठं काम केलंय.

पण काउंटरवर काय चाललंय ते बघा. गिऱ्हाईक मोबाईलमध्ये रिकाम्या ट्यूबचा फोटो दाखवतं, 'हीच द्या, दोन दिवसांत खाज थांबते'. खाज थांबणारच, आत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड मिसळलेलं असतं ना, बुरशी मात्र जांघेतून पोटापर्यंत पसरते, कडा पुसट होतात म्हणून डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही, कातडी पातळ होऊन स्ट्रेच मार्कसारखे पट्टे पडतात ते कायमचे. २०१८ मध्ये हे स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत) घातले तरी चिठ्ठीशिवाय सर्रास विकले जातात, आमच्याच धंद्यातले लोक विकतात, फार वाईट वाटतं. त्यात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही नवी बुरशी, टर्बिनाफिन हे गजकर्णाचं नेहमीचं औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमला धरतं तोच हिच्यात बऱ्याचदा बदललेला असतो, मग औषध कितीही छान आत पोचवा, धरणार कशाला?

म्हणून अन्न व औषध प्रशासनाने आधी या मिक्स ट्यूबच्या बिनचिठ्ठी विक्रीवर नीट तपासण्या कराव्यात, आणि जी कंपनी ट्यूबवर नॅनो छापते तिने कणाची साइज आणि साध्या क्रीमशी तुलना करून पेशंटवर घेतलेल्या ट्रायलचा निकाल दोन्ही जाहीर करावेत, जास्तीचे पैसे पेशंटच्या खिशातून जातायत.

- एक फार्मसिस्ट, सांगली