२४ तारखेची रात्र, सगळ्यांनी वाचा

सगळ्यांना सलाम. २४ डिसेंबरला रात्री १० ला चर्चमध्ये उपासना आहे, आणि त्याच्याआधी ७ वाजता गायन मंडळी चर्चच्या गेटपासून निघून रेल्वे लाईन्स भागातून सात रस्त्यापर्यंत जाणार. यायचं त्यांनी पावणेसातला या, मागच्या वर्षीसारखं फोन करून करून बोलवायला लावू नका.

यंदा पाळकसाहेबांनी विषय दिलाय इम्मानुएल, म्हणजे आम्हांबरोबर देव. बायबलमधलं मत्तय १:२३ आणि योहान १:१४ घरी वाचून या. योहानात 'वस्ती केली' आहे ना, तिथं मूळ ग्रीक शब्दात तंबू ठोकल्याचा अर्थ आहे, म्हणजे देव लांबून बघत बसला नाही, येशूच्या रूपानं आपल्या गल्लीतच राहायला आला असं समजा, आणि तेही गोठ्यात, गव्हाणीत.

म्हणून यावेळी
– डेकोरेशनचा खर्च निम्मा. उरलेल्या पैशातून चादरी घेऊन स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना गायनानंतर वाटायच्या. घरची जादा चादर चालेल पण धुतलेली, फाटकी नको!
– करंज्या, चिवडा संडे स्कूलच्या ताईंकडे २३ पर्यंत.
– वाटताना फोटो काढायचे नाहीत.

वयस्कर मंडळींना रिक्षा लागत असेल तर २२ च्या आत सेक्रेटरींना सांगा.