‘जन्मच तिथला’ म्हणे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला तेनेरिफ या स्पेनच्या बेटावरच्या सहलीचा लेख वाचला. लेखिकेला तिथला ज्वालामुखी आवडला, केळीच्या बागा आवडल्या, आनंद आहे. पण तिथल्या लोरो पार्क या प्राणिसंग्रहालयातल्या ऑर्कांच्या (डॉल्फिनच्याच कुळातले, ‘किलर व्हेल’ म्हणतात ते) खेळावर अर्धा रकाना खर्चून शेवटी ‘यातले बहुतेक जन्मले पार्कातच, त्यामुळे त्यांना समुद्राची ओढ नसते’ असं प्रमाणपत्रही त्यांनी देऊन टाकलं. कुणाला विचारून? ऑर्काला?

हे वाक्य मला नवीन नाही. मागे एका टूर कंपनीबरोबर आखातात गेले होते. कार्यक्रमपत्रिकेत ‘संध्याकाळ मोकळी’ असं छापलेलं, आणि ऐन वेळी बस जाऊन थांबली डॉल्फिन शोच्या दारात. मी आत येणार नाही म्हटल्यावर टूर मॅनेजर म्हणाला, ‘‘काकू, ते इथेच जन्मलेत हो, त्यांना कुठे माहितीये समुद्र!’’ तिकिटाचे पैसे परत द्या म्हटलं, तर ‘‘पॅकेजमध्ये इन्क्लुडेड आहे ना काकू.’’ सगळा शो होईपर्यंत बाहेर बाकावर बसले. समोर रबरी डॉल्फिन विकणारं दुकान, आतून शिट्ट्या आणि ढणढण गाणी. रात्री टूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा त्या बाकावरचा फोटो आला, खाली ‘काकू रुसल्या’. सोळा हसऱ्या चेहऱ्यांनी दाद दिलेली. पैसे अर्थातच अजून आलेले नाहीत.

तर, ‘जन्मच तिथला’. लेखिकाबाईंनी ज्या तलावाचं कौतुक केलं, तिथल्याच एका ऑर्काची जन्मकथा सांगते. कोहाना नावाची मादी 2002 साली अमेरिकेत सी-वर्ल्ड या असेच खेळ करणाऱ्या कंपनीच्या पार्कात जन्मली. 2006 मध्ये, वयाची चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, आईपासून तोडून तिला तेनेरिफला पाठवलं. तेही उसनवारीने, पातेलं द्यावं तसं. समुद्रात ऑर्काच्या मादीला पहिलं पिल्लू साधारण चौदाच्या आसपास होतं. हिला आठव्या वर्षी झालं. आणि पिल्लाचा बाप कोण? तिथलाच नर, केटो. म्हणजे कोहानाच्या आईचा सावत्र भाऊ. सावत्र का होईना, मामाच की हो! पिल्लू कसं सांभाळायचं हे दाखवायला ना आई जवळ, ना आजी. तिने त्याला जवळच केलं नाही, माणसांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं. 2012 मध्ये दुसरं झालं, तेही तिने टाकलं, ते वर्षाच्या आतच गेलं. कोहाना स्वतः 2022 मध्ये गेली, विशीत. याच केटोने 2009 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सरावात आपल्या प्रशिक्षकाचा जीव घेतला होता. बाईंच्या लेखात यातलं काही नाही. ‘पाणी अंगावर उडतं, रेनकोट न्या’ एवढं मात्र आहे.

आणि तिथलीच दुसरी मादी, मॉर्गन, तर पार्कात जन्मलेलीही नाही. 2010 मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ ती खंगलेल्या अवस्थेत सापडली. वाचवायला म्हणून धरली आणि 2011 मध्ये पोचली कुठे, तर तेनेरिफच्या तलावात. तिच्या पिल्लाला, उलाला, तीन वर्षांचं आयुष्यही मिळालं नाही. खुद्द सी-वर्ल्डने 2016 मध्ये ऑर्कांची पैदास बंद केल्याचं जाहीर केलं, कॅनडाने 2019 मध्ये बंदीचा कायदाच केला. बाकीचे का थांबत नाहीत? पैदास चालू राहिली की जाळं टाकून समुद्रातून पकडण्याची बदनामी नको, ‘जन्मच तिथला’ म्हणायलाही मोकळे.

आपल्याकडे केंद्र सरकारने 2013 सालीच डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या तलावांना, परवानगी देऊ नका, असं राज्यांना कळवलं. एक बरी गोष्ट झाली, तर आम्ही विमानाची तिकिटं काढून तेच बघायला परदेशात जाणार! तुमच्या त्याच पानावर लेखाच्या बरोब्बर खाली टूरची जाहिरात होती, ‘डॉल्फिन शो मोफत’. हा योगायोग असेल तर पान लावणाऱ्याचं अभिनंदन.

जाता जाता, रेल्वेच्या सरकत्या जिन्यांबद्दलचं माझं मागचं पत्र छापलंत त्याबद्दल आभार. पण त्यातला बंद जिना कुठल्या फलाटावरचा, हे वाक्यच कापलंत. नुसतं ‘जिना बंद आहे’ वाचून रेल्वेवाल्यांनी करायचं काय? या वेळी जागा कमी पडली तर कॅनडाची ओळ काढा, मामाचा परिच्छेद ठेवा.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)